आघाडीवरची पत्रं आणि मधला वाचक

१९१४च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर बुलोन या बंदरात हिंदी सैन्याच्या टपालाची तपासणी सुरू झाली. काम सोपवलं गेलं इव्हलिन बर्कली हॉवेल या अधिकाऱ्याकडे. हा हिंदुस्थान सरकारच्या नोकरीत वायव्य सरहद्दीवर मुरलेला माणूस होता. सुरुवातीला त्याने पोती उघडून मधलीच काही पत्रं चाळली. पुढे पसारा वाढला, हाताखाली भाषा जाणणारी माणसं आली. दर आठवड्याला निवडक पत्रांचे इंग्रजी उतारे आणि त्यांवर एक अहवाल असा शिरस्ता बसला. मूळ पत्र पाकिटात परत जाई आणि पुढच्या बोटीने हिंदुस्थानात पोहोचे. उतारे मात्र सरकारी दप्तरात राहिले. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पहिल्या महायुद्धात आघाडीवर गेलेला हिंदी शिपाई घरी काय लिहीत होता, हे आपल्याला कळतं ते मुख्यतः या तपासणी कचेरीमुळे.

ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते. या माणसांनी मोकळेपणाने बोलू नये म्हणून ज्या राज्यसत्तेने पहारा बसवला, तिच्याच कागदांत त्यांचा आवाज उरला. ज्यांच्यासाठी पत्रं लिहिली, त्या घरांतून मात्र बहुतेक पत्रं नाहीशी झाली.

पहाऱ्याचं निमित्त होतं गदर. सॅन फ्रान्सिस्कोहून १९१३पासून निघणारं हे पत्र हिंदी सैनिकांना उठावाचं आवाहन करत होतं, आणि ते फलटणींत शिरेल ही सरकारची धास्ती होती. ती अगदीच हवेतली नव्हती. तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेतून गदरचं काम घेऊनच परतला होता. मार्च १९१५मध्ये तो मेरठच्या घोडदळाच्या छावणीत बाँबसह पकडला गेला आणि त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला लाहोरच्या तुरुंगात फासावर गेला. मेरठ डिव्हिजन तेव्हा फ्रान्समध्ये लढत होती. मागे राहिलेल्या छावणीत बाँब सापडतात म्हटल्यावर पुढे गेलेल्या शिपायाचं पाकीट फोडून वाचायला सरकारला कारणच मिळालं.

लाहोर डिव्हिजनची पहिली तुकडी २६ सप्टेंबर १९१४ला मार्सेय बंदरात उतरली होती. पाठोपाठ मेरठ डिव्हिजन आली. ऑक्टोबर संपायच्या आत ही माणसं ईप्रच्या आसपासच्या चिखलात उभी होती, बऱ्याच जणांच्या अंगावर उन्हाळी खाकी होती. २८ ऑक्टोबरला न्यूव्ह शापेल गावावर ४७ व्या शीख पलटणीबरोबर चालून गेल्या त्या पुण्याजवळच्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या. खंदक खणणारी, पूल बांधणारी ही माणसं त्या दिवशी संगिनी लावून घराघरांतून लढली. दोन्ही कंपन्यांचे झाडून सगळे इंग्रज अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले, आणि जवानांची संख्या एका दिवसात जवळजवळ निम्म्यावर आली. जे वाचले त्यांना आता घरी लिहायचं होतं.

लिहायचं कसं, हा पहिला प्रश्न. १९११च्या शिरगणतीत देशात शेकडा सहाच्या आसपास माणसं लिहिणारी-वाचणारी होती. शिपाई ज्या घरांतून येत, तिथे हे प्रमाण त्याहून कमी. त्यामुळे बहुतेकांची पत्रं दुसऱ्याच्या हातची होती. पलटणीतला लिहिता येणारा एखादा सोबती, कंपनीचा लेखनिक, रुग्णालयातला कारकून यांच्यापुढे बसून माणूस सांगे आणि तो लिही. मग कंपनीचा इंग्रज अधिकारी ते पाही. पुढे बुलोनला हॉवेलची माणसं पाहत. बोट मुंबईला लागली, पत्र गावात पोहोचलं, की तिथेही ते वाचून दाखवायला कुणीतरी लागेच. नवऱ्याने बायकोला सांगितलेली गोष्ट तिच्या कानी पडेपर्यंत चार-पाच परक्या माणसांच्या डोळ्यांखालून गेलेली असे, आणि हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असे. प्रेमाचे शब्द या पत्रांत कमी सापडतात म्हणून त्या माणसांना मन नव्हतं असा निष्कर्ष कुणी काढला, तर तो मला मान्य नाही. इतक्या लोकांसमोर कोण मन उघडं करील?

आणि तरीही त्यांनी लिहिलं. १९१५च्या मार्चपर्यंत फ्रान्समधले हिंदी सैनिक आठवड्याला १०,००० ते २०,००० पत्रं पाठवत होते. निरक्षर म्हणून ज्यांची नोंद होते, त्या लोकांचा हा पत्रव्यवहार आहे. टपाल खात्याने या सैन्यासाठी पंचम जॉर्जच्या चित्राच्या हिंदुस्थानी तिकिटांवर ‘आय. ई. एफ.’ अशी तीन इंग्रजी अक्षरं छापून घेतली होती. हिंदी मोहिमी फौज असा त्यांचा अर्थ. फौजेबरोबर फिरती टपाल कार्यालयं होती, आणि खंदकात शिधा पोहोचे तसं टपालही पोहोचवायचं, ही शिस्त सरकारने पाळली. पत्र आलं नाही की शिपाई खचतो, हे सेनापतींना पक्कं माहीत होतं.

पत्रांतला मोठा भाग घरच्या व्यवहाराचा आहे. शिपायाचा पगार तेव्हा महिना ११ रुपये. पाठवलेली रक्कम पोहोचली का, कुणाच्या हाती पडली, भावाने जमिनीचं काय केलं, गाय व्याली का, पाऊस कसा आहे, सावकाराचं किती फिटलं, मुलीचं लग्न कुठे ठरतंय. ज्या माणसाच्या डोक्यावरून तोफेचे गोळे जात आहेत, तो बैल विकू नका म्हणून बजावतो. मला या मजकुराइतकं खरं काही वाटत नाही. लढाईचं वर्णन करायला त्याच्यावर बंदी होती, पण घराचा कारभार तो सोडायला तयार नव्हता. हजारो मैलांवरून घरातली आपली जागा तो धरून ठेवत होता.

लढाई कळवायचीच असेल तेव्हा वाटा शोधल्या गेल्या. सर्वांत गाजलेली वाट मसाल्याची. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरा. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात, असं कुणी लिहिलं की गावातल्या जाणत्याला कळे की आपली माणसं किती पडली आहेत. काहींनी पुराणांचा आधार घेतला. महाभारतात वर्णन केलेला संहार इथे डोळ्यांनी दिसतो, असं लिहिणारे होते. भट्टीत दाणे फुटावेत तशी माणसं पडतात, असं लिहिणारे होते. काहींनी हे युद्ध नसून प्रलय आहे, असं सरळच सांगून टाकलं. एप्रिल १९१५मध्ये ईप्रजवळ विषारी वायू सोडला गेला आणि २६ तारखेला लाहोर डिव्हिजन त्यात सापडली, तेव्हा या वर्णनांना धार आली. धाकट्या भावाला भरती होऊ देऊ नका, हा निरोप तर अनेक तऱ्हांनी घरी गेला.

हॉवेलने यातलं बरंचसं ओळखलं होतं. आडून सुचवायची या लोकांची हातोटी अशी आहे की प्रत्येक वाक्य थोपवायचं म्हटलं तर सगळं टपालच बंद करावं लागेल, अशा अर्थाचं त्याने वरिष्ठांना कळवलं. त्याचा कल पत्रं जाऊ देण्याकडे होता. एकदम टपाल आटलं तर गावागावांत याहून भयंकर अफवा उठतील, हा त्यामागचा हिशोब. त्याच्या अहवालांत सहानुभूतीही दिसते, विशेषतः जखमींबद्दल. एकदा जखमी होऊन बऱ्या झालेल्या माणसाला पुन्हा खंदकात धाडायचं, हे धोरण शिपायांना सर्वांत लागलं होतं. आपण रक्त सांडलं, आता घरी जायला मोकळे, अशी त्यांची समजूत होती. पुन्हा जायचा हुकूम झाला तेव्हा पत्रांचा सूर पालटला, आणि हॉवेलने तो पालट वरिष्ठांना स्पष्ट शब्दांत कळवला. निरोप्या म्हणून त्याने प्रामाणिकपणा राखला, एवढं श्रेय मी त्याला देतो. पहारेकरी मात्र तो होताच.

जखमींना इंग्लंडला नेत. ब्रायटनचा रॉयल पॅव्हिलियन हा पूर्वीचा राजवाडा रुग्णालय झाला. हिंदूंची आणि मुसलमानांची स्वयंपाकघरं वेगळी, पाण्याचे नळ वेगळे. तिथली छायाचित्रं काढून हिंदुस्थानात पाठवली गेली. बादशहाच्या वाड्यात आपल्यावर उपचार होतात, हे जखमींनी घरी अभिमानाने कळवलंही. त्याच शहरात किचनर रुग्णालय होतं, पूर्वीच्या गरीबखान्याच्या (वर्कहाउसच्या) इमारतीत. तिथे काटेरी कुंपण घातलेलं होतं आणि परवानगीशिवाय बाहेर पाऊल टाकायची बंदी होती. हिंदी माणसाने इंग्रज बायकांशी बोलू नये, हा या बंदोबस्ताचा खरा हेतू. इथल्या पत्रांत आपण कैदी आहोत ही भावना उघड आहे. याच रुग्णालयातल्या गोडबोले नावाच्या सब-असिस्टंट सर्जनने रुग्णालयाचा प्रमुख कर्नल ब्रूस सीटन याच्या जिवावर उठण्याचा प्रयत्न केला आणि त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. पॅव्हिलियनची छायाचित्रं मिरवणाऱ्या प्रचारात या प्रसंगाला जागा नव्हती.

याच पत्रांत एक वेगळा धागा आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. फ्रान्समध्ये घोडदळाच्या माणसांचा मुक्काम शेतकऱ्यांच्या घरी असे. घरातले पुरुष लढाईवर. म्हाताऱ्या बाया आणि पोरी नांगर धरतात, दुकानं चालवतात, हिशोब लिहितात, हे त्यांनी पाहिलं. आपला मुलगा रणात असलेली म्हातारी या परक्या शिपायाचे कपडे धुते, कॉफी करून देते, तो निघाला की रडते, असं त्यांनी घरी लिहिलं. आणि मग पंजाबच्या खेड्यांकडे जाणाऱ्या पत्रांत मुलींना शाळेत घाला, अशा विनवण्या येऊ लागल्या. स्वतःचं पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यावं लागणाऱ्या माणसाला शिक्षणाचं महत्त्व कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

१९१५च्या अखेरीस हिंदी पायदळ फ्रान्समधून हललं, घोडदळ १९१८च्या वसंतापर्यंत राहिलं. एकूण १,४०,००० च्या आसपास हिंदी माणसं त्या आघाडीवर जाऊन आली. मराठी वाचकाने मात्र इथून नजर इराककडे, तेव्हाच्या मेसोपोटेमियाकडे वळवायला हवी, कारण आपल्या गावांतली माणसं मुख्यतः तिकडे होती. तिथे गेलेल्या हिंदी माणसांची संख्या सहा लाखांच्या घरात जाते. नोव्हेंबर १९१४मध्ये शत्-अल-अरब नदीच्या मुखाशी फाओला जे सैन्य उतरलं, त्याचं नावच सहावी पुणे डिव्हिजन. १०३ आणि ११० क्रमांकाच्या मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ वी मराठा पलटण या डिव्हिजनमध्ये होत्या. कोकणातली आणि घाटावरची, रत्नागिरी-कुलाब्यातली आणि साताऱ्या-कोल्हापुराकडची शेतकऱ्यांची पोरं यांत होती.

टायग्रिसच्या काठाने ही डिव्हिजन बगदादच्या उंबरठ्यापर्यंत गेली. नोव्हेंबर १९१५मध्ये टेसिफॉनला तिला जबर मार बसला, मागे फिरून ती कुत-अल-अमाराला आली, आणि ७ डिसेंबरला तुर्कांनी तिला वेढलं. वेढा १४७ दिवस चालला. टपालाची वाट तुटली. बाहेरच्या जगाशी संबंध उरला बिनतारी संदेशयंत्राचा आणि अधूनमधून वरून येणाऱ्या विमानांचा, आणि यंत्र अर्थातच सेनापती जनरल टाउनशेंडच्या हाती होतं. रायगडाच्या पायथ्याच्या आईला मुलगा जिवंत आहे की नाही, हे सांगणारं कुणी नव्हतं.

या वेढ्यातली एक घटना घराशी असलेल्या नात्याबद्दल पुष्कळ सांगते. धान्य संपत आलं तेव्हा घोडे मारून त्यांचं मांस शिजवायला सुरुवात झाली. गोऱ्या सैनिकांनी ते खाल्लं. बहुतेक हिंदी शिपायांनी ते नाकारलं. उपासमार आणि स्कर्व्हीने माणसं झिजत होती, तरी नकार कायम. टाउनशेंडने बिनतारी यंत्रावरून हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची संमती मागवली, ती आलीही. तरीसुद्धा माणसं एप्रिलपर्यंत मागेपुढे करत राहिली. त्यांना भीती गावाची होती. इथून सुटून परत गेलो आणि घोडा खाल्ल्याचं कळलं तर लोक पंक्तीला घेणार नाहीत, पोरीबाळींची लग्नं अडतील, हा विचार त्यांच्या मनात होता. टपाल बंद असतानाही गाव त्यांच्याबरोबर खंदकात बसलेला होता. काहींनी या हट्टाला अडाणीपणा म्हटलं आहे. मला त्यात परत जायची उमेद दिसते. घरी जायचंच नाही असं ठरवलेला माणूस गाव काय म्हणेल याची फिकीर करत नाही.

२९ एप्रिल १९१६ला कुत पडलं. सुमारे १३,००० माणसं कैद झाली आणि त्यांत हिंदी लोक बहुसंख्य होते. वाळवंटातून चालवत त्यांना नेलं. कित्येक वाटेत पडले, कित्येकांना रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर लावलं. हजारो जण तिकडेच संपले.

त्यांत एक बंगाली डॉक्टर होते, कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी. बसऱ्यापासून कुतपर्यंत ते आईला पत्रं लिहीत राहिले. देशाभिमानाच्या नावाखाली चाललेल्या कत्तलीबद्दल, एका देशाने दुसऱ्याची जमीन बळकावण्याबद्दल त्यांनी इतकं उघड लिहिलं आहे की ते वाचताना त्यांच्या अंगावर त्याच साम्राज्याचा गणवेश होता हे विसरायला होतं. १९१७मध्ये रास-अल-ऐनला तापाने त्यांचा मृत्यू झाला. त्यांची आजी मोक्षदादेवी स्वतः लेखिका होत्या. १८८५मध्ये मुंबईत काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्ष झालेले व्योमेशचंद्र बॅनर्जी हे त्यांचे भाऊ. नातवाची पत्रं जपून, जुळवून त्यांनी १९२८मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, ‘कल्याण-प्रदीप’ हा ग्रंथ काढला. कुतच्या वेढ्यातल्या हिंदी माणसाचं मन आज आपल्याला वाचता येतं, ते या आजींमुळे. घरात लिहिणारी-वाचणारी बाई होती, म्हणून पत्रं टिकली. आपल्या मराठा पलटणींतल्या जवानांच्या घरी तशी बाई नव्हती, कारण तिला कुणी शाळेत घातलं नव्हतं.

सरकारनेही या माणसांची नोंद सारख्याच मापाने ठेवली नाही. फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलला १९२७मध्ये हिंदी सैनिकांचं स्मारक उघडलं गेलं. त्यावर ४,७०० हून अधिक नावं कोरलेली आहेत, साध्या शिपायांचीसुद्धा. बसऱ्याचं स्मारक १९२९चं. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ४०,००० हून अधिक लोकांसाठी ते आहे. तिथे गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, पण हिंदी शिपायांपुढे पलटणवार आकडे लिहिले. अमुक पलटण, इतके जण. युद्धस्मारकांचा कारभार पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१मध्ये अहवाल काढून या भेदभावाबद्दल माफी मागितली. माफी आली खरी, पण शंभर वर्षं उशिरा. आणि आपल्या गावांतल्या संगमरवरी पाट्या पाहा. सातारा, रत्नागिरी, रायगड जिल्ह्यांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत त्या बसवलेल्या दिसतात. या गावातून इतके पुरुष महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने त्या युद्धात ४६ माणसं गमावली. आकडा सगळ्यांना पाठ आहे. ४६ नावं सांगा म्हटलं तर किती जण सांगू शकतील?

पत्रात मात्र नाव असतं. वडिलांचं नाव, गाव, तालुका, बायकोची खुशाली, पोराचं वय. बसऱ्याच्या दगडाने जे दिलं नाही, ते त्या कागदावर असतं. म्हणून माझी एक विनंती आहे. ज्यांच्या घरातला कुणी पणजोबा किंवा खापरपणजोबा ‘बसऱ्याला गेला होता’ असं बोललं जातं, त्यांनी माळ्यावरची ट्रंक, देवघराखालचा डबा, दस्तऐवजांचं गाठोडं एकदा उघडून बघावं. पंचम जॉर्जच्या तिकिटावर ती तीन इंग्रजी अक्षरं दिसली, पलटणीचा क्रमांक दिसला, पेन्शनचा कागद किंवा मनीऑर्डरची पावती दिसली, तर ती फेकू नका. अक्षर लागत नाही म्हणून तर मुळीच फेकू नका. त्या काळचं हातचं मराठी लिखाण बहुधा मोडीत आहे, आणि मोडी वाचणारी माणसं अजून आहेत. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, सरकारचं पुराभिलेख खातं आहे, मोडीचे वर्ग चालतात, तिथे शिकून तयार झालेली तरुण मुलं आहेत. कागदाचं दोन्ही बाजूंनी छायाचित्र काढा, कुणाचं पत्र कुणाला हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा, आणि वाचून घ्या. सांगणारी म्हातारी माणसं आहेत तोवर हे करायला हवं.